घरातली संध्याकाळची प्रार्थना टिकवायची कशी? मराठवाड्यातल्या ख्रिस्ती आयांसाठी धागा

जालनेकरीण

सर्वांना जय ख्रिस्त.

आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतील एका अगदी रोजच्या गोष्टीविषयी मला येथे लिहायचे आहे, आणि ती गोष्ट म्हणजे संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना. रविवारची आराधना, नाताळ, पुनरुत्थानाचा सण यांविषयी आपण मंडळीत पुष्कळ बोलतो. परंतु मुलांच्या मनात विश्वास रुजतो की नाही, हे माझ्या मते घरातल्या त्या पाव तासावर अधिक ठरते, आणि नेमका तोच पाव तास आता अनेक घरांच्या हातून निसटत चालला आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी बहिणी खासगीत हेच सांगतात, म्हणून हा विषय सगळ्यांसमोर मांडावासा वाटला.

आमचे घर जालन्यात आहे. यजमान औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतात, मी घरीच ब्लाउज शिवते आणि साड्यांना फॉल-पिको करते, थोरली मुलगी नववीत आहे, धाकटा तिसरीत आहे, आणि सासूबाई आमच्यासोबत राहतात. यजमानांची पाळी बदलत राहते, मुलीची शिकवणी दिवेलागणीनंतर सुटते, दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत माझे मशीन रात्री उशिरापर्यंत चालते, आणि नळाला पाणी कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी येईल याचा नेम नसतो. अशा घरात रोज रात्री आठ वाजता प्रार्थना होईल, असा नियम भिंतीवर लिहून ठेवला तरी तो पाळला जाणे अवघड आहे. नियम मोडला की आईच्या मनाला रुखरुख लागते, पुढे त्या रुखरुखीचीही सवय होते, आणि मग प्रार्थना केवळ आजारपणात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उरते.

ख्रिस्ती विश्वास आमच्या भागात नवा नाही. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्यात येऊन मिशनचे काम उभे केले आणि शहराजवळ बेथेल ही वसाहत वसवली, हे येथील जुन्या घरांतून अजून सांगितले जाते. आमच्यापैकी अनेकांचे पणजोबा, खापरपणजोबा ख्रिस्ती होते. परंतु विश्वास हा सातबाऱ्यावरच्या नावासारखा वारसाने चढत नाही. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच्या विश्वासाचा उल्लेख करताना आजी लोईस आणि आई युनीके या दोघींची नावे घेतली आहेत. ते वाचताना मला नेहमी वाटते की, त्या दोघींनी तीमथ्याला दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणते काम करता करता शिकवले, हे कळले असते तर फार बरे झाले असते. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याचे थोडे उत्तर आहे. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना या गोष्टी मुलांना सांगाव्यात, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे दिवसाच्या कामातच ती जागा शोधायची आहे.

आम्ही सध्या काय करतो ते सांगते. त्या वेळी घरात जे कोणी असतील त्यांनी बसायचे. यजमान रात्रपाळीला जाणार असतील तर ते डबा घेऊन निघण्यापूर्वी, आणि दुसऱ्या पाळीला गेलेले असतील तर त्यांच्यावाचून. एक गीत, शास्त्राचा लहानसा भाग, आणि प्रत्येकाने त्या दिवसातली एक खरी गोष्ट देवासमोर मांडायची. सर्वांना आशीर्वाद दे, असे मोघम बोलून मोकळे व्हायचे नाही. गणिताचा पेपर, मैत्रिणीशी झालेला अबोला, कारखान्यात हात भाजलेला सहकारी, शिलाईचे पैसे बुडवणाऱ्या बाईंविषयी माझ्या मनात आलेला राग, असे जे असेल ते नाव घेऊन सांगायचे.

शास्त्राचा भाग निवडताना मी रूथच्या पुस्तकापासून सुरुवात केली, कारण ते चारच अध्यायांचे आहे. मोआबातून आलेली सून आपल्या सासूसाठी, नामीसाठी, बवाजाच्या शेतात सरवा वेचते, हा भाग आला तेव्हा धाकट्याने सरवा म्हणजे काय असे विचारले. मी सांगू लागण्यापूर्वीच सासूबाई म्हणाल्या, "आमी बी येचलाय की सरवा, बाळा." अंबड तालुक्यातल्या त्यांच्या गावी सुगी उरकली की त्या आपल्या आईसोबत मोठ्या शेतकऱ्याच्या रानात जात, ज्वारीची गळालेली कणसे आणि मातीत राहिलेल्या भुईमुगाच्या शेंगा ओच्यात गोळा करीत. बांधावरचा राखणदार कधी हुसकावून लावी, तर कधी मुद्दाम पाठ फिरवून बिडी पेटवी. बवाजाने आपल्या गड्यांना तिच्यासाठी पेंढ्यांतून काही मुद्दाम टाकत चला असे सांगितले, ते वचन मी वाचले, तेव्हा सासूबाई चटकन म्हणाल्या, "त्यो बी असाच पाठ फिरवायचा बघ." बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेल्यावर मिळणारी सुकडी, मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी, हे सारे मग त्या रात्री निघाले. थोरलीने विचारले, "नामी म्हणते की देवाने मला फार क्लेश दिले, मग तिचा विश्वास गेला होता का?" यावर सासूबाईंचे उत्तर असे होते की, रुसणारा माणूस ज्याच्यावर रुसतो त्याला सोडून गेलेला नसतो.

ती रात्र मला फार मोलाची वाटते. सासूबाईंना वाचता येत नाही, पण रूथचे पुस्तक त्या दिवशी आमच्या घरात त्यांनीच शिकवले.

आता मला तुमच्याकडून ऐकायचे आहे. तुमच्या घरी ही प्रार्थना कधी होते, कोण चालवते, मोठी होत चाललेली मुले बसतात का, आणि नळ नेमका रविवारी आराधनेच्या वेळी आला तर तुम्ही काय करता? शेवटचा प्रश्न कोणाला किरकोळ वाटेल, परंतु येथील आयांना तो किरकोळ वाटणार नाही.

छावणीतली_आजी

जालनेकरीण, तू माझ्या लेकीच्या वयाची असशील, म्हणून एकेरीत लिहिते. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

मी औरंगाबादच्या छावणीत वाढले. आमचे घराणे अँग्लिकन होते, आणि १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन निरनिराळ्या मंडळ्या एक झाल्या, त्याआधीची छापील प्रार्थनांची पद्धत मला चांगली आठवते. आमच्या आईला अक्षरओळख नव्हती, तरीही तिला तेविसावे, एकशे एकविसावे आणि एकशे तिसावे स्तोत्र तोंडपाठ होते, कारण तिने ती कानांनी शिकली होती. संध्याकाळी ती कंदिलाची काच राखेने पुसायला बसली, की आता प्रार्थना होणार हे आम्हा भावंडांना न सांगता कळायचे. घड्याळ आमच्याकडे नव्हतेच. तुला वेळ पाळणे जमत नसेल तर अशी एखादी खूण धर. मशीनवर झाकण घातले की प्रार्थना, असे केलेस तर मुले आपोआप येऊन बसतील.

दुसरे सांगते ते गाण्याविषयी. आजकाल मोबाइलवर गीत लावतात आणि सगळे ऐकत बसतात, ते मला बरे वाटत नाही. घरातल्या माणसांचा आवाज कसाही असो, त्यांनी स्वतः गावे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर आपल्याला अभंगाच्या आणि भजनाच्या चालीवर गाता येतील अशी गीते दिली, ती याचसाठी. पेटी नसली तरी टाळांची एक जोडी पुरते, आणि लहान मुलाच्या हाती टाळ दिले की त्याची चुळबूळ थांबते. एक कडवे रोज म्हटले तर महिन्याभरात गीत पाठ होते, आणि पाठ झालेले गीत म्हातारपणी फार कामी येते. माझी दृष्टी आता अधू झाली आहे. वाचता येत नाही, परंतु पाठ आहे ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

आणि मूल प्रार्थनेत झोपले तर त्याला उठवू नये. आमचे वडील लांबलचक प्रार्थना करीत, आणि मी कित्येकदा त्यांच्या मांडीवरच झोपले आहे. त्यांचा आवाज कानावर पडत असताना झोप लागणे हेदेखील मला आज प्रार्थनेचाच भाग वाटते.

नववीची_आई

नमस्कार. आम्ही बीडला असतो. जालनेकरताई, तुमची मुलगी प्रश्न तरी विचारते. माझा मुलगा बसायलाच तयार नाही. मागच्या वर्षापर्यंत तो रविवारच्या शाळेत वचने म्हणून दाखवायचा आणि त्याला बक्षिसेही मिळायची. आता तो म्हणतो की, तुम्ही जन्मापासून मला हे सांगत आला आहात, मला स्वतःला ते पटते की नाही हे मला कोणी विचारलेच नाही. त्याच्या वडिलांना हे ऐकून फार वाईट वाटले, आणि घरातल्या मोठ्या माणसांचे म्हणणे असे की त्याला धाक दाखवून बसवावे. मला धाक दाखवावासा वाटत नाही, आणि सोडून द्यावे असेही वाटत नाही.

आणखी एक अडचण आहे. आमच्या गल्लीत आमचे एकच ख्रिस्ती घर आहे. गणपतीत शेजारच्या काकू प्रेमाने प्रसाद आणून देतात. सासूबाई तो घेऊ नये म्हणतात, मुले घ्यावा म्हणतात, आणि दारात उभ्या असलेल्या काकूंसमोर माझी फार कुचंबणा होते. ही गोष्ट लहान आहे, पण वर्षातून बऱ्याच वेळा येते.

जालनेकरीण

आजी, मशीनवर झाकण घालण्याची खूण मला फारच आवडली. आजपासून तसेच करते.

बीडच्या ताई, तुमच्या मुलाविषयी मनापासून लिहिते. त्याने जे विचारले आहे ते मला उद्धटपणाचे वाटत नाही, प्रामाणिकपणाचे वाटते. टिळकांचा उल्लेख वर आजींनी केलाच आहे, तर लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण घेऊ या. पतीने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. मधली वर्षे त्यांनी फार यातनेत काढली, स्वतःच्या मनाशी झगडल्या, आणि १९०० साली स्वतःच्या निश्चयाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या विश्वासाला जे बळ होते ते त्या झगड्यातून आलेले होते, असे मला वाटते. आपल्या मुलांना बाळपणीच बाप्तिस्मा मिळतो, त्यामुळे त्यांच्या वाट्याचा झगडा पुढे कधीतरी येणारच, आणि तो नववीत आला तर आईबाप जवळ असताना आला, याचे मला समाधान वाटेल. तुम्ही त्याला प्रार्थनेला बसण्याची सक्ती करू नका, पण त्याच्या नावाची प्रार्थना त्याला ऐकू जाईल अशी, त्याच घरात, रोज करा. जेवणाच्या ताटावर आभार मानताना तो बसलेला असतोच, तेवढे सध्या पुष्कळ आहे. त्याच्या प्रश्नांची वही करायला सांगा आणि ती वही घेऊन पाळकसाहेबांकडे त्याला एकट्याला जाऊ द्या, तुम्ही सोबत जाऊ नका.

प्रसादाविषयी पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायांत विचार केलेला आहे. त्याचा आशय मला असा समजला आहे की, अन्न आपल्याला देवाजवळ नेत नाही आणि देवापासून दूरही करत नाही; परंतु हे मूर्तीला अर्पण केलेले आहे असे कोणी स्पष्ट सांगितले, तर त्या माणसाच्या विवेकबुद्धीसाठी ते खाऊ नये. आमच्या घरी मी काकूंना दारातच हात जोडून सांगते की, तुमचे प्रेम आम्ही घेतो, प्रसाद आमच्याकडे घेत नाहीत. एकदा स्पष्ट सांगितल्यावर कोणी मनाला लावून घेतल्याचे मला आठवत नाही. घेऊन मग गुपचूप टाकून देणे मात्र मला सर्वांत वाईट वाटते, कारण ते मुले पाहतात, आणि तोंडावर एक व पाठीमागे एक असे वागायला ती शिकतात.

मुले काय पाहतात, यावरून एक सांगते. ब्लाउज बेतल्यावर कधी कधी कापड उरते. ते कापड घडी करून मी ब्लाउजसोबत पिशवीत घालते, अगदी वीतभर असले तरी. मुलीने एकदा विचारले की, त्या बाईंना ते उरल्याचे कळणारही नाही, मग ते कशाला द्यायचे? मी तिला सांगितले की, कापड त्यांचे आहे, आणि रात्री ज्याच्यासमोर आपण बसतो त्याला ते माहीत आहे. संध्याकाळची प्रार्थना आणि दुपारची कात्री यांचा असा संबंध तिला दिसला नाही, तर माझ्या रात्रीच्या शब्दांना काही अर्थ राहणार नाही.

शेजारधर्म

मी हिंदू आहे आणि या धाग्यावर लिहावे की नाही असा विचार करत होते, पण प्रसादाचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या शेजारी बरीच वर्षे एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्या ताईंनी मला सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगितले होते की नैवेद्य दाखवलेले आम्ही घेत नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही. उलट पुढे दारात अवघडून उभे राहण्याची वेळ दोघींवरही आली नाही. आमच्या महालक्ष्म्या झाल्या की दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी पुरणपोळ्या ताज्या करून देते. नाताळात त्या आमच्याकडे करंज्या, शंकरपाळे आणि अंडे न घातलेला केक वेगळा करून पाठवतात, आणि त्या दिवशी माझा उपवास असेल तर राजगिऱ्याचे लाडूही असतात. बीडच्या ताईंनी काकूंशी सणाच्या दिवशी दारात बोलण्यापेक्षा एखाद्या साध्या दिवशी निवांत बोलावे, असे मला सुचवावेसे वाटते.

त्या घरातून संध्याकाळी गाण्याचा आवाज येतो. माझ्या सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात त्या ताईंनी आमचे नाव घेऊन प्रार्थना केलेली भिंतीपलीकडून मला ऐकू आली होती. त्यांनी ते आम्हाला कधी सांगितले नाही, मीही विचारले नाही. परंतु ती गोष्ट मी विसरलेली नाही.

घोगरगावकर

येशूच्या नावाने सर्वांना नमस्कार. आम्ही कॅथलिक आहोत, गाव वैजापूर तालुक्यात आहे. औरंगाबादचा धर्मप्रांत १९७७ साली स्वतंत्र झाला, पण आमच्या घोगरगावाकडचे मिशन त्याच्या कितीतरी आधीचे आहे.

आमच्या घरची संध्याकाळची प्रार्थना म्हणजे जपमाळ. माझी आई ती कधी चुकवत नसे. कापूस वेचून, जनावरांना वैरण टाकून, चुलीवर वरण शिजत ठेवून ती जपमाळ हाती घ्यायची. पाच रहस्ये, म्हणजे येशूच्या आणि मरियेच्या जीवनातले पाच प्रसंग, प्रत्येक रहस्याला दहा वेळा नमो मरिया, आणि आम्ही भावंडे एकेक रहस्य वाटून घ्यायचो. ज्याच्या वाट्याला जे रहस्य येई त्याने ते मोठ्याने चालवायचे, मग तो पाचवीतला असो की दहावीतला. मुलांना काम सोपवले की ती पाहुण्यासारखी बसत नाहीत, हा माझा अनुभव आहे. आता माझी पत्नी हेच करते. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना असतो, तेव्हा सोयाबीनची काढणी आणि कापसाची पहिली वेचणी अंगावर असते, तरीही शेजारपाजारची ख्रिस्ती घरे आळीपाळीने एकमेकांकडे जमतात.

सप्टेंबरमध्ये आम्ही श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला मतमाऊलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला जातो. तेथे मुलांना जे दिसते ते घरात दाखवता येत नाही: गाड्या भरून आलेली माणसे, अनवाणी चालणाऱ्या बाया, आणि आपल्यासारखी मराठी बोलणारे हजारो ख्रिस्ती लोक. ज्या मुलाच्या वर्गात तो एकटाच ख्रिस्ती असतो, त्याला हे पाहण्याची फार गरज असते. नववीतल्या मुलाच्या आईंना मी हेच सुचवीन की, पंथ कोणताही असो, वर्षातून एकदा तरी मुलाला मोठ्या मेळाव्याला न्यावे आणि तेथे त्याला त्याच्या वयाच्या मुलांत सोडून द्यावे.

सोयाबीन_लातूर

आई नसलो तरी बाप म्हणून लिहितो, क्षमा असावी. आमच्या घरात प्रार्थनेच्या वेळी एक प्रश्न येऊन पडला आहे, आणि तो माझ्याने सुटलेला नाही.

माझ्या मामांचे कुटुंब बौद्ध आहे आणि आम्ही ख्रिस्ती. मूळ वस्ती एक, मूळ जात एक, गावाने दोन्ही घरांना दिलेली वागणूक एक. मामेभावाच्या मुलाला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळते, माझ्या मुलाला मिळत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात ही सवलत हिंदूंपुरती होती. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. आपल्या राज्यात आम्हाला इतर मागासवर्गात धरतात, परंतु दोन्हींत जो फरक आहे तो फी भरताना कळतो. अकरावीला गेलेल्या मुलाने प्रार्थनेला बसल्यावर सरळ विचारले, "पप्पा, येशूवर विश्वास ठेवण्याची ही किंमत आहे का?" त्याची आई रडू लागली. मी तेविसावे स्तोत्र वाचून प्रार्थना संपवली, कारण मला दुसरे काही सुचले नाही.

जालनेकरीण

दादा, तुम्ही स्तोत्र वाचलेत ते योग्यच केलेत. पण मुलाचा प्रश्न पुन्हा काढावा, असे मला वाटते, आणि तो प्रार्थनेतच काढावा.

हा अन्याय आहे, असे मुलासमोर स्पष्ट म्हणायला हवे. विश्वास आहे म्हणून अन्यायाला अन्याय म्हणायचे नाही, असे शास्त्र कोठेही सांगत नाही. संदेष्ट्यांची पुस्तके तर त्याच हाकेने भरलेली आहेत. कायद्याची जी बाजू आहे ती त्याला तारखांसकट समजावून सांगा, म्हणजे येशूवरचा विश्वास आणि शासनाचा आदेश या दोन गोष्टी त्याला वेगवेगळ्या पाहता येतील. आणि मामेभावाच्या घरावर त्याचा राग जाऊ नये, एवढी काळजी घ्या, कारण त्यांना जे मिळते ते त्यांच्या हक्काचे आहे. त्यानंतर हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट वाचा. अंजिराला फूल नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असा त्याचा आशय आहे. २०१६ साली तुमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि ते तुमच्या मुलाने लहानपणी पाहिले असेल. रिकामा गोठा आणि कोरडे रान म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावे लागणार नाही.

पाळकीणबाई_परभणी

सर्वांचे वाचून मन भरून आले. पाळकाच्या घरात प्रार्थना आपोआप होते असा लोकांचा समज असतो, परंतु दुसऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जाता जाता आमच्याच घरची राहून जाते, हे मी अनुभवाने सांगते.

प्रथम नळाचा प्रश्न. आमच्या मंडळीत मी स्त्रियांना स्पष्ट सांगितले आहे की, पाणी आले असेल तर ते भरून या, उशीर झाला तरी या, आणि मागच्या बाकावर निःसंकोच बसा. लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने विचारले आहे की, तुमच्यापैकी कोणाचा बैल शब्बाथ दिवशी विहिरीत पडला तर तो त्याला लगेच बाहेर काढणार नाही का? आठवड्याचे पाणी एका तासात भरायचे असताना घरातली बाई हंडे सोडून येऊ शकत नाही, आणि तिने तसे यावे अशी प्रभूची अपेक्षा असेल असे मला वाटत नाही. मात्र पाणी भरायला तिने एकटीनेच का थांबावे, हेही मी पुरुषांच्या सभेत विचारले आहे. एका रविवारी पतीने थांबावे, दुसऱ्या रविवारी तिने थांबावे. काही घरांत आता तसे होऊ लागले आहे.

वाचनाविषयी सांगते, कारण बहुतेक घरे तेथेच अडखळतात. उत्पत्तीपासून सुरुवात करायची, लेवीयापर्यंत पोहोचेपर्यंत थकून जायचे, आणि मग सोडून द्यायचे, असे पुष्कळांचे होते. लहान मुले असतील तर मार्काचे शुभवर्तमान घ्यावे. ते सोळाच अध्यायांचे आहे आणि त्यात प्रसंगामागून प्रसंग येतात. डिसेंबरमध्ये लूक घ्यावे, कारण त्याचे अध्याय चोवीस आहेत, आणि एक तारखेपासून रोज एक वाचला तर नाताळच्या आदल्या रात्री ते पूर्ण होते. नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय आहेत, त्यामुळे ज्या घरात दहावी-बारावीची मुले आहेत तेथे तारखेप्रमाणे एक अध्याय वाचता येतो आणि काल काय वाचले हे शोधत बसावे लागत नाही. ज्या रात्री सगळे थकलेले असतात त्या रात्री एकशे सतरावे स्तोत्र वाचावे. ते दोनच वचनांचे आहे आणि तेवढ्यावर प्रार्थना करून झोपले तरी काही बिघडत नाही. एकशे एकोणिसावे मात्र एका बैठकीत मुलांसमोर काढू नये, त्यात एकशे शहात्तर वचने आहेत.

उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) बहुधा ऐन परीक्षेत आणि ऐन उन्हात येतो. बारा ते तीन या वेळात लहान मुलांना पूर्ण तीन तास बसवण्याचा आग्रह आम्ही सोडला आहे. प्रभूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांपैकी एक उद्गार मुलांसाठी राखून ठेवतो, त्या वेळी ती येतात, ऐकतात, आणि मग त्यांना बाजूच्या खोलीत पाणी देऊन बसवतो. आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवणारा तो तिसरा उद्गार आहे, आणि आई या विषयावर मुलांना काही वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नववीची_आई

पाळकीणबाई, शेजारधर्मताई आणि घोगरगावकरदादा, तुमचे आभार. काकूंशी मी काल दुपारी निवांत बोलले. त्या म्हणाल्या की, मग आधी सांगायचे नाही का, मी तुमच्यासाठी साधे लाडू केले असते. मुलाला मी वहीबद्दल विचारले. त्याने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. माझा एक प्रश्न उरला आहे. तो प्रार्थनेला बसत नाही, पण धाकटी बसते, आणि ती विचारते की दादाला का सोडले? तिला काय सांगावे?

छावणीतली_आजी

तिला सांग की दादाला सोडलेले नाही, दादाची वाट पाहत आहोत. आणि त्याची चटई रोज अंथर.

जालनेकरीण

आजींनी सांगितले ते मी आमच्या घरासाठीही घेते, कारण यजमान दुसऱ्या पाळीला असले की त्यांची जागा रिकामी असते आणि धाकटा तेथे पसरून बसतो.

पाळकीणबाई, येत्या एक तारखेपासून आम्ही मार्क सुरू करीत आहोत. वाचन थोरलीकडे, टाळ धाकट्याकडे, आणि गीत सासूबाई सुचवतील तसे. लातूरचे दादा, तुमच्या मुलाने हबक्कूक वाचल्यावर काय म्हटले ते येथे अवश्य लिहा. त्याच्या वयाची मुले असलेली येथील बरीच घरे त्याची वाट पाहत असतील. आणि परभणी किंवा हिंगोलीकडच्या कोणाकडे मार्काच्या पहिल्या चार अध्यायांवर लहान मुलांना विचारता येतील असे प्रश्न तयार असतील, तर तेही कृपया येथे टाकावेत. रविवारच्या शाळेत ते सगळ्यांनाच उपयोगी पडतील.